असाल तसे या

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाची नाडी आमचे डॉक्टर आधी बघत नसत. आधी त्याचा सदरा बघत. सदरा घामानं भिजलेला, एखादं बटण तुटलेलं, पायाला रानातला चिखल, अंगाला तंबाखूचा वास असा कुणी आला की त्यांचा चेहरा खुलायचा. "शाब्बास रं पठ्ठ्या! ह्याला म्हणायचं पेशंट," असं म्हणत ते स्वतः त्याच्या बगलेत हात घालून त्याला पलंगापर्यंत न्यायचे. आणि कुणी न्हाऊनधुऊन, दाढी घोटून, परीटघडीचं धोतर नेसून आला की मग त्याची धडगत नसे. "लग्नाला आलाय व्हय? वरात कुठं राहिली?" हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य छापण्यासारखं नसे आणि ते बहुधा कन्नडमध्ये असे.

निपाणीत हमरस्त्याच्या कडेला त्यांचा दवाखाना होता. बेळगावात डॉक्टरकीचं शिक्षण पुरं करून मी ऐंशीच्या दशकात तिथं त्यांच्या हाताखाली कामाला लागले. पण त्यांना ओळखत होते त्याच्या कितीतरी आधीपासून. निपाणीत राहून त्यांना न ओळखणं जमण्यासारखं नव्हतं. मी शाळेत असताना, म्हणजे सत्तरच्या दशकात, भर बाजारात ते एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला अडवून उभे असलेले मी पाहिलेत. व्यापारी नुकताच दवाखान्यातून बरा होऊन आला होता.

"छातीत कळ आल्यावर आधी काय केलंत ते सांगा ह्या लोकांना. सांगा की!"

व्यापाऱ्यानं मान खाली घातली. "सोडा प्यालो."

"मग?"

"मग आंघोळ केली."

"मग?"

"मग थोरल्या भावाची वाट बघत बसलो."

डॉक्टर जमलेल्या गर्दीकडं वळले. "ऐकलंत? सोडा, आंघोळ आणि भाऊ! आत काळीज मरत हुतं आणि ह्यांनी वरनं साबण लावला!"

गर्दी पोट धरून हसली. व्यापारीही हसला, कारण जिवंत होता.

आमच्या भागात डॉक्टरकडं जाणं म्हणजे पाहुण्याच्या घरी जाण्यासारखं होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी कुणी उठून जात नसे. बायका ट्रंकेतलं लुगडं काढत, पुरुष न्हाव्याकडं जाऊन बसत, आणि घरात जो मोठा असेल त्याला निरोप धाडत. ताप-खोकल्याला ही रीत गोडच होती. पण हृदयाचा झटका आलेला माणूसही त्याच रीतीनं येई, आणि तोवर वेळ निघून गेलेली असे. डॉक्टरांचं सारं आयुष्य ह्या एका रीतीशी भांडण्यात गेलं.

मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला दवाखान्यामागच्या ऊसमळ्यात नेलं. मला वाटलं, मळा दाखवताहेत. त्यांनी पाटाच्या मधोमध पायानं मातीचं एक ढेकूळ ढकललं.

"बघ. पाटाला पाणी हाय, पर मधी ढेकूळ पडलं. खालचं वाफं काय करत्याल?"

"सुकतील."

"आत्ता ढेकूळ काढलंस तर समदं वाफं जगत्याल. जेवून येऊन काढलंस तर अर्धं. उद्या काढलंस तर पाट झकास वाहील, पर पाणी कुणाला पाजणार? वाळक्या काटक्यांना?" मग त्यांनी ते ढेकूळ हातानं उचललं, बाहेर फेकलं आणि चिखलाचा हात माझ्या नव्या कोऱ्या पांढऱ्या कोटाला पुसला. "झालं तुझं शिक्षण. जा, कामाला लाग."

एवढी घाई करणारा हा माणूस दवाखान्याबाहेर मात्र कमालीचा वेळकाढू होता. कुणाच्या बारशाला निघाले तर पोर रांगायला लागल्यावर पोचायचे, असं लोक म्हणत. वाटेत प्रत्येक पारावर थांबून गप्पा. स्वतःच्या लग्नातही ते अक्षता पडायच्या बेताला आले, म्हणे. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, हा किस्सा सांगताना शेवटी म्हणायच्या, "छातीत दुखतंय असा निरोप धाडला असता तर येळंवर आलं असतं." एक गोष्ट तेवढी ते वेळेवर करत, ती म्हणजे जेवण. घराणं चिकोडीकडचं जैन, त्यामुळं दिवस मावळायच्या आत ताट समोर हवंच.

घाईसाठी त्यांचा ठेवणीतला शब्द कन्नड होता. "लगू बर्री!" म्हणजे लवकर या. हा शब्द ते पेशंटला म्हणत, नर्सला म्हणत, पोस्टमनला म्हणत, आणि सलाइनच्या बाटलीतून थेंब सावकाश पडायला लागले की बाटलीलाही म्हणत.

पण खरं सांगायचं तर पेशंट लवकर आला तरी पूर्वी त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. ऑक्सिजन लावायचा, दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्यायचं, पलंगावर गुमान पडून राहायला सांगायचं आणि उशाशी बसायचं. हे बसणं त्यांना मानवत नसे. म्हणूनच, रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आता आपल्याकडंही मिळायला लागलंय, हे कळलं त्या दिवशी ते दवाखान्याच्या आवारात शब्दशः नाचले. चपला हातात घेऊन नाचले.

पहिलं इंजेक्शन आणायला ते स्वतः बेळगावला गेले. ते थंड ठेवावं लागे, म्हणून मोठ्या तोंडाचा थर्मास बर्फानं भरून घेतला. परतताना एस्टीत तो मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "आइस्क्रीम हाय का वो?"

"व्हय," डॉक्टर म्हणाले, "काळजाचं."

संकेश्वरच्या स्टँडवर ड्रायव्हर चहाला उतरला. डॉक्टर थर्मास घेऊन मागोमाग हॉटेलात. "लगू बर्री!" ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, कप तर रिकामा हू दे." डॉक्टरांनी त्याच्या हातातला कप घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. "झाला रिकामा. चला." ड्रायव्हरनं ही गोष्ट पुढं अनेक वर्षं प्रवाशांना सांगितली, आणि दर वेळी त्यात चहा जास्त गरम होत गेला.

औषध आलं, पण माणसं यायची तशीच यायची, सावकाश, नटूनथटून. डॉक्टरांनी मग मोहीम काढली. वखारीवर जाऊन हमालांना सांगितलं, विडीच्या कारखान्यात जाऊन बायकांना सांगितलं, "छातीत दाबल्यासारखं झालं, घाम सुटला, हात भरून आला की मळकं या! उघडं या! साबण लावलेला असंल तर फेसासकट या!" बाजारपेठेतल्या न्हाव्याच्या दुकानात तर त्यांनी हुकूमच सोडला. "दाढी करता करता गिऱ्हाईक म्हणालं छातीत दुखतंय, तर वस्तरा खाली ठेवायचा आणि त्याला खुर्चीवरनं उठवून माझ्याकडं धाडायचं. कुणी का असंना."

"आणि आर्धीच झाली असंल तर?" न्हाव्यानं विचारलं.

"आर्धीच धाड."

न्हावी फार मानी माणूस. अर्धी दाढी करून गिऱ्हाईक सोडायचं हे त्याच्या धंद्याला बट्टा लावणारं होतं. पण डॉक्टरांचा शब्द मोडायची निपाणीत रीत नव्हती. "बरं," असं तो तोंड वाकडं करून म्हणाला.

'मळकं या' हे गावात सगळ्यांना गमतीचं वाटायचं. एका माणसाला मात्र ते लागायचं. तो माणूस म्हणजे माझे वडील.

आमचे आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करत करत रात्रशाळेत शिकले आणि नगरपालिकेत कारकून झाले. आमची वस्ती बौद्धांची. वस्तीत पांढरे कपडे घालणारे पुष्कळ होते, पण आप्पांच्या सदऱ्यासारखी इस्त्री कुणाची नव्हती. परटाकडं ते कपडे देत नसत. सतरंजी अंथरून, कोळशाची जड इस्त्री फुंकून, रोज सकाळी स्वतः करत. कोपऱ्यावरच्या दुकानातून काड्यापेटी आणायची तरी इस्त्रीचा सदरा घालून जात. आई चिडवायची, "झोपताना बी घडी घालून झोपा."

ह्याच्या मागं एक गोष्ट होती. आप्पा लहान असताना त्यांना मोठा ताप भरला. आजोबा दुसऱ्याच्या रानात राबत होते, तिथून तसेच चिखलानं भरलेले धावत आले आणि आप्पांना खांद्यावर टाकून एका डॉक्टरच्या दारात घेऊन गेले. आतून आवाज आला, "मळकी माणसं भाईर." औषधाची पुडी उंबऱ्यावरून बाहेर टाकली गेली. कपडे हे निमित्त होतं. खरं कारण आतल्यांनाही ठाऊक होतं आणि आजोबांनाही. पण पोराला ते कसं सांगायचं? आजोबांनी वाटेत एवढंच सांगितलं, "मोठा झाल्यावर डॉक्टरच्या दारात पांढऱ्या कापडात जा." आप्पांनी ते आयुष्यभर धरून ठेवलं.

त्यामुळं मी दवाखान्यातले किस्से घरी सांगायला लागले की सगळे हसायचे आणि आप्पा ताटाकडं बघत राहायचे. एकदा म्हणाले, "पोरी, तुझ्या डॉक्टरला म्हणावं, तुमास्नी मळकं येणं सोपं हाय. आमची मळक्यातनं भाईर यायला पिढी गेली." मी हे डॉक्टरांना कधी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं कोण जाणे.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशीची सकाळ. वस्तीतले लोक विहाराला चुना देत होते आणि आप्पा शिडीवर होते. मी दवाखान्यात. तेवढ्यात शेजारच्या आक्का धापा टाकत आल्या.

"अगं, आप्पांच्या छातीत लई दुखाय लागलंय. घामानं न्हालेत. चल म्हणलं तर ऐकंनात. बंबात पाणी तापवाय लावलंय."

बंबात पाणी कशाला, हे मला विचारावं लागलं नाही. मी डॉक्टरांकडं पाहिलं तर ते जीपमध्ये बसलेले होते.

आम्ही पोचलो तेव्हा आप्पा परसात बंबाशेजारी दगडावर बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत चुन्याचे ओघळ. चेहरा चुन्याहून पांढरा. उजवी मूठ छातीवर. समोर खाटेवर पांढरा सदरा आणि पायजमा, घडी न मोडलेला. आई रडकुंडीला येऊन बंबात लाकूड सारत होती, कारण आप्पांचा शब्द.

डॉक्टरांनी नाडी धरली, एक गोळी चावायला दिली आणि लगेच तोंड सोडलं. "आंघोळ? आंघोळ करताय? तुमची पोरगी माझ्याकडं डॉक्टर, रोज बोंबलून सांगती, आणि तुम्ही बंब पेटवताय? उठा! लगू!"

आप्पा हलले नाहीत. त्यांना बोलायलाही त्रास होत होता. "डॉक्टरच्या दारात मळका न्हाय जायाचा," ते म्हणाले. "माझा बा गेलता."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. चिखल, उंबरा, पुडी.

डॉक्टरांनी उठवायला पुढं केलेला हात मागं घेतला. मला वाटलं, आता गेले माझे आप्पा. इथं बंब तापतोय, तिथं आतले वाफे सुकताहेत, आणि दोघेही आपापल्या जागी खरे आहेत.

मग डॉक्टर वाकले. शेजारी चुन्याची बादली होती. त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत तिच्यात घातले आणि आपल्या पांढऱ्या कोटावर, सदऱ्यावर, गळ्यापासून पोटापर्यंत फासले. वर कपाळालाही लावला. शेजारच्या आक्का "अगं बया" म्हणून मागं सरकल्या.

"झालो मळका," डॉक्टर म्हणाले. "दवाखाना माझा हाय. त्या दारातनं मी असाच आत जाणार. माझ्याबरोबर जो यील त्येला भाईर थांब म्हणायला कोण धजतंय बघू." मग त्यांनी मला खाटेवरचे कपडे उचलायला लावले. "ही कापडं फुडं ठेव, माझ्या खुर्चीवर. बुडाखाली कुणी घेतलीसा तर बघा. आप्पा, कापडं आत पोचली म्हणजे तुम्ही बी पोचलासा. आता चला की वो, पाया पडतो."

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढं दुखत असताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "चला," ते म्हणाले.

दोन चुनेवाले दवाखान्याच्या पुढच्या दारानं आत शिरले. मी मागून, दोन्ही हातांवर इस्त्रीचे कपडे घेऊन. बाकावर बसलेले लोक उठून उभे राहिले ते आप्पांच्या मानासाठी की डॉक्टरांचा अवतार बघून, ते मला आजही सांगता येणार नाही.

ईसीजी काढला. शंका नव्हती. डॉक्टरांनी हात धुतले, फ्रीजमधली ती बाटली काढली, आणि थेंब थेंब औषध आप्पांच्या शिरेत जायला लागलं. मी आप्पांचं मनगट धरून बसले. डॉक्टर सलाइनच्या नळीकडं बघत पुटपुटत होते, "लगू बर्री, लगू बर्री." मीसुद्धा मनात तेच म्हणत होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं बोटाखालची नाडी एकदम अडखळली. मग उड्या मारायला लागली, एक इकडं, एक तिकडं. मी घाबरून ओरडले. डॉक्टरांनी माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं, आणि त्यांचा चुना वाळलेला चेहरा असा काही फुलला की कपाळावरचे पोपडे खाली पडले.

"अगं येडे, रडतीस काय? पाणी आलं! वाफ्यात पाणी आलं! रगत परत वाहायला लागलं की काळीज असंच उड्या मारतंय!"

थोड्या वेळानं उड्या थांबल्या, नाडी सरळ चालायला लागली. दुसरा ईसीजी काढला, तो सुधारला होता. आप्पांनी डोळे उघडले. छातीवरची मूठ सुटली होती.

"दुखतंय?" मी विचारलं.

"न्हाय." मग इकडंतिकडं बघून, "माझी कापडं?"

कपडे डॉक्टरांच्या खुर्चीवर होते. डॉक्टर सगळा वेळ उभेच होते.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी आप्पांना तो सदरा स्वतः घातला. एकेक बटण लावलं, कॉलर सरळ केली, दोन पावलं मागं जाऊन बघितलं. "आता कसं! सायेब दिसताय." मग खाली बसून आप्पांच्या पायजम्याची घडी नीट करायला लागले तेव्हा आप्पांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. माझ्या डोळ्यांना मात्र धार लागली होती आणि ती लपवायचं मला काही कारणही नव्हतं.

त्यानंतर 'मळकं या' हे डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही. दवाखान्याच्या दारावर नवी पाटी लागली, वर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये: 'छातीत दुखलं की असाल तसे या. कपडे आम्ही देऊ.' आणि खरोखरच त्यांनी पांढऱ्या कापडाचा अख्खा तागा आणून शिंप्याकडून लहानमोठ्या मापाचे सदरे शिवून घेतले. पण इस्त्री कोण करणार? बाजाराच्या दिवशी आप्पा आपली कोळशाची इस्त्री घेऊन दवाखान्यात हजर. परटाला हात लावू देईनात. मागच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून ते सदरे करत आणि डॉक्टर शेजारी उकिडवे बसून त्यांना हृदयावर व्याख्यान देत. आप्पा मधूनच म्हणत, "डॉक्टर, सरका. निखारा पडंल."

वखारीतला हमाल असो की बागायतदार, हृदयाचा पेशंट दवाखान्यातून बाहेर पडे तो आप्पांच्या इस्त्रीच्या सदऱ्यात. सदरे परत करायचे असं ठरलं होतं. एकानंही परत केला नाही. निपाणीच्या बाजारात तो सदरा घातलेला माणूस दिसला की लोक त्याला वाट देत. डॉक्टर दुसरा तागा आणत.

आणि लोक लवकर यायला लागले. ही गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं शिव्या घालून जे जमलं नव्हतं ते एका सदऱ्यानं जमलं. माणसं विटांच्या भट्टीवरून येत, उसाच्या फडातून येत, अर्धं जेवण टाकून खरकट्या हातानं येत.

आता न्हाव्याची गोष्ट.

एका सकाळी डॉक्टर बाजारपेठेत दाढी करायला बसले होते. एक गाल झाला होता. गप्पा चालू होत्या. मधेच डॉक्टर बोलायचे थांबले. न्हाव्यानं आरशात पाहिलं, तर डॉक्टरांच्या कपाळावर घाम आणि हात छातीवर.

"डॉक्टर, दुखतंय?"

ह्यापुढं काय घडलं ह्याच्या दोन कहाण्या आहेत. न्हाव्याच्या मते डॉक्टर म्हणाले, "जरासं. ही बाजू तेवढी हू दे." डॉक्टर हे मरेपर्यंत नाकारत राहिले. मात्र न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला, त्यांच्या गळ्याभोवतीचं कापड ओढून काढलं आणि त्यांना खुर्चीवरून उठवलं, ह्याबद्दल दुमत नाही.

"उठा. तुमचाच हुकूम हाय. कुणी का असंना."

आणि साबणाच्या फेसासकट सायकलच्या कॅरियरवर घालून, भर पेठेतून घंटी वाजवत त्यानं डॉक्टरांना दवाखान्यात आणलं.

त्यांना तसं बघून मी ईसीजीचं मशीन ओढलं. ते मात्र पलंगावर आडवे होता होता ओरडत होते, "किती लवकर आलो बघ! फेस तरी वाळलाय का? बोट लावून बघ!" ईसीजी मला वाचूच देईनात, स्वतःच हातात घेतला, बघितला आणि शांत झाले. मग कागद माझ्या हाती दिला. "माझं हुबेहूब तुझ्या आप्पांसारखंच हाय. आता डॉक्टर तू. लगू."

मी औषध सुरू केलं. थेंब थेंब जात राहिला. ह्या खेपेला 'लगू बर्री' म्हणायला मी एकटीच होते, कारण दुखण्यानं ते डोळे मिटून पडले होते. वहिनी पायाशी उभ्या होत्या. न्हावी दारात, मधल्या वेळात दुकानातून आणलेली वस्तरा-पेटी घेऊन. मग त्यांची नाडी अडखळली, उड्या मारायला लागली, आणि डॉक्टर डोळे न उघडताच म्हणाले, "पाणी आलं."

मी आणि वहिनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो आणि हसलो.

दुखणं थांबलं तसं त्यांचं तोंड सुरू झालं. न्हावी पेटी उघडून पुढं आला. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक त्याला सहन होत नव्हतं. "एवढा गाल करतो, बाई." मी त्याला जवळजवळ ढकललंच. गुठळी विरघळवणाऱ्या ह्या औषधानं रक्त पातळ झालेलं असतं, बारीक कापलं तरी थांबत नाही. वस्तरा बंद.

"म्हणजे ह्यांनी असंच ऱ्हायाचं?" न्हाव्याला रडू फुटायचं बाकी होतं.

"असंच," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "येईल त्याला दाखवीन."

तेवढ्यात व्हरांड्यात पळत आल्याचा आवाज झाला आणि आप्पा दारात आले. त्यांना बातमी घरी कळली होती. त्यांच्या दोन्ही तळव्यांवर डॉक्टरांच्या मापाचा पांढरा सदरा होता, अजून ऊन असलेला, एक सुरकुती नाही. तो त्यांनी वस्तीपासून पेठेतून तसाच धरून आणला होता.

डॉक्टरांनी सदरा पाहिला. मग आप्पांकडं पाहिलं. आणि पाहतच राहिले.

"आप्पा," ते म्हणाले, "तुमची कापडं कुठं हायत?"

आप्पांनी खाली बघितलं. अंगात नुसती बंडी होती, तिला खांद्यावर भोक. हातांना कोळशाची काजळी, गुडघ्यापर्यंत वर खोचलेला पायजमा, आणि पाय अनवाणी, धुळीनं भरलेले. सगळ्या निपाणीनं त्यांना तसं बघितलं होतं. त्यांच्या ते आत्ता ध्यानात आलं.

"तसाच आलो," आप्पा म्हणाले.